महर्षी कर्वे : एका अबोल स्वभावाचे पुढारीपण

पुढारी कोणास करावे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. ज्ञातिमंडळाची वार्षिक सभा असो, गावच्या वाचनालयाची निवडणूक असो, की शाळेतील वर्गाचा प्रमुख नेमावयाचा असो, आपली दृष्टी सहजच एका ठराविक प्रकारच्या माणसाकडे वळते. ज्याचा आवाज खणखणीत, ज्यास चारचौघांत बोलण्याची भीड नाही, जो वादात हार जात नाही, तोच आपणांस पुढारी वाटतो. याउलट जो सभेत मागच्या रांगेत बसतो, सभा आटोपल्यावर सतरंज्या उचलू लागतो आणि वर्षभर वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन मुकाट्याने दारोदार हिंडतो, तो कामाचा माणूस खरा, पण पुढारीपण त्याचे नव्हे, असा आपला समज असतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार या लेखात एका थोर पुरुषाच्या चरित्राच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे.

मनुष्यस्वभावाचे प्रकार पाडण्याचा यत्न फार जुना आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक कर्ता म्हणजे ज्याच्या मुखी मीपणाची भाषा नाही, ज्यास फळाची आसक्ती नाही, ज्याच्या अंगी धैर्य व उत्साह आहेत आणि जो यशापयशाने डळमळत नाही, असा पुरुष होय. ही लक्षणे सांगताना वक्तृत्वाचा वा रुबाबाचा उल्लेख गीतेने केलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अलीकडच्या काळात कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली आपल्या ग्रंथात अंतर्मुख व बहिर्मुख असे स्वभावाचे दोन प्रमुख प्रकार वर्णिले आणि हे शब्द पुढे सर्वांच्या तोंडी रुळले. बहिर्मुख मनुष्यास लोकसमुदायात स्फुरण चढते, तर अंतर्मुख मनुष्यास एकांतात बळ येते. यांपैकी पहिलाच पुढारी व्हावयास योग्य, असे जर कोणी म्हणेल, तर त्यास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र वाचावयास द्यावे.

अण्णासाहेब कर्वे हे आपल्या ज्ञातीचे नव्हेत. त्यांचा जन्म चित्पावन कुळातला. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, थोर पुरुष जन्माने एका ज्ञातीचे असले तरी कार्याने सर्वांचे होतात. शिवाय ज्ञातीने आपल्या माणसाशी कसे वागू नये, याचाही एक धडा या चरित्रात आहे, तो पुढे येईलच.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे स्वतःचे गाव दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे मुरूड. घरची स्थिती गरिबीची होती, परंतु आईवडिलांची राहणी मानी होती. लहानपणापासून हा मुलगा अतिशय लाजाळू व भिडस्त होता. अनोळखी माणसासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. ही गोष्ट अण्णांनी आपल्या ‘आत्मवृत्त’ या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आडपडदा न ठेवता नमूद केली आहे. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी म्हणून शिक्षक होते. सार्वजनिक कामाची आवड अण्णांच्या मनात त्यांनीच रुजविली. गावातील मंडळींस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम ते या लाजाळू विद्यार्थ्याकडून करवून घेत. आम्हां शिक्षकांस या गोष्टीचे मोल विशेष वाटते. गुरुजींनी मुलास भाषण करावयास उभे केले नाही. दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यास सांगितले. ज्याच्या तोंडी स्वतःचे शब्द येत नाहीत, त्यास आधी दुसऱ्याच्या शब्दांचा आधार द्यावा, म्हणजे हळूहळू त्याची भीड चेपते. उत्तेजन देण्याची हीच खरी रीत होय.

१८७५ साली सहावीची परीक्षा द्यावयाची होती. मुरूडास तिची सोय नव्हती. पावसाळी हवेमुळे समुद्रमार्गे मुंबईस जाणे जमेना, तेव्हा अण्णा व त्यांचे सोबती कुंभार्ली घाटाच्या वाटेने पायीच साताऱ्यास निघाले. शंभर मैलांहून अधिक अंतर, पावसाचे दिवस आणि पाठीवर बिऱ्हाड. इतकी यातायात करून परीक्षेच्या जागी पोहोचल्यावर अधिकाऱ्याने त्यांच्या लहान चणीकडे पाहिले आणि सतरा वर्षांचे वय खोटे ठरवून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. बोलक्या स्वभावाचा मुलगा असता तर तेथे हुज्जत घालता, कदाचित दाद मिळविताही. अण्णांस ते साधण्यासारखे नव्हते. ते मुकाट्याने परतले आणि अभ्यासास लागले. ती परीक्षा त्यांनी पुढे दिली व ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास त्यांना १८८१ साल उजाडले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस होते. विलंब झाला, पण वाट सोडली नाही, हा त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचा ठसा येथेच दिसतो.

एल्फिन्स्टन कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांचे सहाध्यायी होते. १८९० च्या अखेरीस लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला आणि फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. त्या जागी गोखल्यांनी १८९१ साली अण्णांस बोलावून आणिले. येथे क्षणभर थांबून त्या काळच्या पुण्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. टिळक व आगरकर हे दोघे १८५६ साली जन्मलेले, अण्णा त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, आणि गोखले १८६६ सालचे. चौघेही मध्यम स्थितीतील अथवा गरीब घरांतून आलेले, चौघांनीही अध्यापनाचे काम केलेले, परंतु स्वभाव चार तऱ्हेचे. टिळक निधड्या छातीचे लोकनायक. हजारोंच्या मनातील ओळखावे आणि ते त्यांच्याच भाषेत बोलून दाखवावे, हे त्यांचे सामर्थ्य. आगरकर प्रखर बुद्धिवादी. लोक रागावले तरी सत्य तेच लिहावयाचे, हा त्यांचा बाणा. गोखले अभ्यासू व मुत्सद्दी. आकडे व आधार यांच्या बळावर सरकारशी वाद घालणारे. आणि कर्वे? गणित शिकवावे आणि खाली मान घालून घरी जावे, अशा या प्राध्यापकाचे नाव वरील तिघांच्या पंक्तीस कधी बसेल, असे तेव्हा कोणास वाटले असेल काय? तथापि बसले खरे, आणि तेही त्या तिघांपैकी कोणाची नक्कल न करता.

१८९१ सालीच अण्णांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुनश्च विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई ठेविले. पुढे सारे त्यांस बाया म्हणू लागले. कायद्याने विधवाविवाहास १८५६ सालीच मोकळीक मिळालेली होती. परंतु कायदा निराळा आणि ज्ञातीची सत्ता निराळी. नवविवाहित जोडपे मुरूडास गेले, तेव्हा गावाने सभा भरवून ठराव केले. कर्व्यांशी व्यवहार ठेवू नये, ते असतील त्या सभेत कोणी बसू नये, आणि घरच्यांनी त्यांस घरात घेतल्यास त्या घरासही वाळीत टाकावे, अशा अर्थाचे ते ठराव होते. ज्या गावाच्या हितासाठी अण्णांनी पै पै जमवून मुरूड फंड उभारण्याची खटपट केली होती, त्याच गावाने हे केले. वृद्ध आई व भाऊ यांची जी कुचंबणा झाली तिचे दुःख अण्णांस आपल्या अपमानाहून अधिक झाले.

येथे स्वभावाची खरी पारख होते. एखादा तडफदार मनुष्य गावावर उलटून पडता, लेख लिहिता, सभा गाजविता. एखादा दुबळा मनुष्य क्षमा मागून प्रायश्चित्त घेता. अण्णांनी दोन्ही केले नाही. ते रागावले नाहीत आणि वाकलेही नाहीत. लाजाळूपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे, हा भेद येथे लख्ख दिसतो. भित्रा मनुष्य मनातील निश्चय सोडतो. लाजाळू मनुष्य तो बोलून दाखवीत नाही, इतकेच.

त्याच वर्षी, म्हणजे १८९३ साली, त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. पुढे १८९५ साली तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे ठेविले. नाव लांबलचक खरे, परंतु अर्थ अण्णांच्या वृत्तीस साजेसा. लोकांस पुनर्विवाहासाठी उठवावे, यापेक्षा ज्यांस तो करावयाचा आहे त्यांच्या वाटेतील धोंडे दूर करावे, हे त्यांस अधिक मानवत होते. पुढे त्यांच्या असे ध्यानी आले की, विवाह हा थोड्याच विधवांचा मार्ग असू शकतो. शिक्षण घेऊन स्वतःच्या पायांवर उभे राहणे ही गरज मात्र सर्वांची आहे. म्हणून १८९६ साली त्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढिला. साठविलेले एक हजार रुपये त्यांनी स्वतः त्यात घातले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले आणि चिटणिसाचे, म्हणजे राबण्याचे, काम अण्णांनी स्वतःकडे ठेविले. ही वाटणी आपल्या मंडळांनी पाहून ठेवावी. मानाची खुर्ची दुसऱ्यास आणि कष्टाची जागा स्वतःस, असा हा हिशेब होता.

पुण्यात प्लेगचा कहर होऊ लागल्यावर आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे नेण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जागा व झोपडीसाठी रक्कम दिली आणि १९०० साली एका झोपडीत आश्रम नांदू लागला. हिंगणे पुण्याहून चार मैल. धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावे, सायंकाळी आश्रमास लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जावे, तेथे मुलींस शिकवावे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात यावे, असा क्रम कित्येक दिवस चालला. सुटी लागली की अण्णा वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. ज्यास ओळखीच्या माणसाशी बोलतानाही संकोच वाटावयाचा, त्याने परक्याच्या दारी जाऊन पैसे मागावे, हे केवढे तप! स्वतःसाठी मागणे त्यांस जन्मात साधले नसते. दुसऱ्यासाठी मागताना मात्र तोच संकोच त्यांनी बाजूस सारिला. कोणी थोडे दिले तरी ते आनंदाने घेत, कोणी नकार दिला तरी नमस्कार करून निघत आणि पैशाचा हिशेब चोख ठेवीत. लोकांचा विश्वास भाषणाने बसतो त्याहून हिशेबाने अधिक बसतो, हे ज्ञातिमंडळाचे काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

आता पुढारीपणाच्या दुसऱ्या, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाच्या, अंगाकडे वळू. पुढारी स्वतः किती मोठा झाला यापेक्षा त्याने किती माणसे मोठी केली, हे पाहावे. बोलक्या पुढाऱ्याच्या सावलीत पुष्कळदा दुसरे झाड वाढत नाही. अण्णांचे तसे नव्हते. त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुरूडजवळच्या मुर्डी गावचे. त्यांच्या शिक्षणाकडे अण्णांनी लक्ष पुरविले, त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले. तेच परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य म्हणून नावाजले. दुसरे उदाहरण बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे. या केशवपन केलेल्या विधवा. अक्षरओळखीपलीकडे फारसे शिक्षण नसलेल्या. अण्णांच्या आश्रमात येऊन त्या मोठ्या वयात शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव व्याख्याने देऊन निधी जमवू लागल्या आणि पुढे एकट्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. अण्णांस जे वक्तृत्व साधले नाही, ते त्यांच्या आश्रमात तयार झालेल्या एका विधवेस साधले. या सर्वांस अण्णांनी कोणता उपदेश केला? बहुधा फारच थोडा. त्यांनी काम सोपविले, विश्वास ठेविला आणि स्वतः अधिक काम करून दाखविले. ज्यास आज प्रेरणा देणे म्हणतात, ते पुष्कळदा असेच अबोलपणे होत असते.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले. पुढे आजन्म सेवकांची तुकडी तयार व्हावी म्हणून अण्णांनी निष्काम कर्म मठ स्थापिला. १९१४ साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. सामान्य मनुष्य येथे काठी व उपरणे घेऊन देवळाची वाट धरतो. अण्णांचे सर्वांत मोठे काम येथून पुढे झाले. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती. १९१५ सालच्या मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले तेव्हा त्यांनी ती लक्षपूर्वक वाचली आणि भारतातही स्त्रियांचे विद्यापीठ व्हावे, शिक्षण मातृभाषेतून द्यावे, अशी कल्पना अध्यक्षीय भाषणात मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी अवघ्या पाच! लोक हसले. अण्णा मोजीत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. सत्तरी ओलांडल्यावर अण्णा जगाच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका, जपान, पुढे आफ्रिका, आणि सर्वत्र विद्यापीठासाठी निधी जमविला. १९३६ साली खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढिले आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद व विषमता यांच्या निवारणासाठी समता संघ स्थापिला. ज्यांस एके काळी ज्ञातीने वाळीत टाकिले, त्यांनी उतारवयात कोणत्याही ज्ञातीचा द्वेष न करता सर्व मनुष्यमात्रास समान मानण्याचे काम हाती घ्यावे, यापरते सौजन्य ते कोणते?

या चरित्रास दुसरी बाजू नाही असे नव्हे. संस्थांच्या चिंतेत अण्णांचे घराकडे दुर्लक्ष झाले. संसाराची ओढाताण बायांनी निभावली आणि त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात ती वाचकांस दिसते. जो पुढारी स्वतः बोलत नाही, त्याच्या मनातील बेत पुष्कळदा घरच्या माणसांसही शेवटी कळतात, हा या स्वभावाचा दोषच म्हणावयास हवा. तसेच टिळकांचे काम कर्व्यांकडून झाले नसते, हेही तितकेच खरे. परकीय सत्तेविरुद्ध लोकांस जागे करावयाचे तर सिंहगर्जनाच हवी. परंतु टिळकांच्या स्वभावाचा पुरुष हिंगण्याच्या चिखलातून सामान वाहत वर्षानुवर्षे एका झोपडीस जपत बसता काय? लोक जागे करण्यास एक स्वभाव लागतो, जागे झालेल्यांस वाट दाखविण्यास दुसरा, आणि त्या वाटेवर निवारा बांधून तो टिकविण्यास तिसरा. चूक होते ती पहिल्यासच पुढारी म्हणण्यात.

१९५५ साली अण्णांस पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण होताना, भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. हयातीतच असा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, पुण्यास त्यांनी देह ठेविला. हिंगण्यास आज कर्वेनगर म्हणतात. झोपडीच्या जागी शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांचा मोठा विस्तार झाला आहे.

आमची सारी हयात शाळेत गेली. मुले पाहणे हाच आमचा व्यवसाय. त्या अनुभवावरून ज्ञातिबंधुभगिनींस दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या घरात जे मूल पाहुण्यांसमोर बोलत नाही, त्यास दटावून गाणे म्हणावयास लावू नये आणि त्याच्यासमोर हा अगदीच मुखदुर्बळ आहे असे तर मुळीच म्हणू नये. त्यास एखादे काम सोपवावे, मग ते वाचनालयातील पुस्तकांची नोंद असो वा धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे असो, आणि ते काम पुरे होईपर्यंत मध्ये हात घालू नये. ते काम त्याने कंटाळा न करता तडीस नेले, तर सोमण गुरुजींनी मुरूडास जे ओळखले तेच आपणही ओळखले, असे समजावे. मंडळाची निवडणूक करतानाही व्यासपीठावरील वक्त्यास अवश्य मान द्यावा, परंतु मागील रांगेत ज्याच्या हाती पावतीपुस्तक आहे त्याच्याकडेही एकवार दृष्टी टाकावी. आणि आपल्यातील कोणी मुलगा वा मुलगी एखादी नवी, न रुचणारी पण न्यायाची गोष्ट करू पाहील, तर मुरूडच्या सभेत झाले तसे ठराव आपल्या सभेत कधीही होऊ नयेत. कारण ते ठराव करणाऱ्यांची नावे आज कोणाच्याही स्मरणात नाहीत. वाळीत टाकिलेल्या त्या अबोल पुरुषाचे नाव मात्र घरोघरी शिकलेल्या मुलींच्या रूपाने नांदत आहे.